कळफलकावरून हात न उचलता

शंभर शॉर्टकटांची, म्हणजे माऊसऐवजी कळा दाबून काम करण्याच्या युक्त्यांची, यादी छापून भिंतीला चिकटवल्याने कोणाचे काम वेगाने होऊ लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही. संगणकावरचा आपला बराचसा वेळ मजकूर लिहिण्यात, खोडण्यात आणि इकडून तिकडे हलवण्यात जातो, त्यामुळे शॉर्टकट शिकायचे असतील तर सुरुवात तिथूनच करावी, असे माझे मत आहे. येथे लिहिलेले सर्व विंडोज १० आणि ११ यांना लागू पडते.

कॉपी-पेस्ट सर्वांनाच येते; परंतु नवे काही कॉपी केले की आधीचे पुसले जाते, अशी अनेकांची अजूनही समजूत असते. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ही अडचण उरलेली नाही. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबल्यास क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेले जिथे साठते त्या जागेचा, इतिहास उघडतो आणि ही सोय बंद असेल, तर तेथेच ती सुरू करता येते. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तेथे साठतात आणि हवी ती निवडून पेस्ट करता येते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही यादी रिकामी होते, मात्र पिन केलेल्या, म्हणजे यादीत कायम ठेवण्यासाठी खूण केलेल्या, गोष्टी टिकून राहतात; म्हणून पत्ता किंवा पत्राचा ठरावीक मायना असा वारंवार लागणारा मजकूर पिन करून ठेवणे सोयीचे ठरते. कॉपी केलेला पासवर्डही याच यादीत दिसू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. अनेकजण वापरत असलेल्या संगणकावर ही सोय बंद ठेवलेलीच बरी.

दुसरी गोष्ट खोडण्याची. देवनागरीत टंकताना बॅकस्पेस एका वेळी संपूर्ण अक्षर न खोडता बहुधा त्याचा एकेक घटक खोडतो, त्यामुळे ‘स्त्री’ हा छोटासा शब्द पुसायला ती कळ सहा वेळा दाबावी लागते. कंट्रोल धरून बॅकस्पेस एकदाच दाबल्यास अख्खा शब्द जातो. कंट्रोलबरोबर बाणाची कळ दाबल्यास कर्सर एकेक शब्द ओलांडत पुढे सरकतो आणि त्यात शिफ्टची भर घातली की तेच शब्द निवडले जातात. मराठी आणि इंग्रजी कळफलकांची अदलाबदल विंडोजची कळ व स्पेसबार यांनी होते, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी परत येतो. फाइलचे नाव एफ२ ने बदलता येते. पण नाव लिहून झाल्यावर एंटरऐवजी टॅब दाबला, तर थेट पुढच्या फाइलचे नाव बदलण्यासाठी खुले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या छायाचित्रांना नावे देताना याचा मोठा उपयोग होतो.

सेटिंग्जपैकी दोनच महत्त्वाची वाटतात. पहिले म्हणजे फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनावाचे एक्स्टेंशन, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे, दिसेल असे करणे. ते लपलेले असेल, तर ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल, म्हणजे प्रत्यक्षात एक प्रोग्राम, केवळ ‘बिल.पीडीएफ’ या साळसूद नावाने समोर येते. दुसरे म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची छाटणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा व त्यातील स्टार्टअपचा भाग पाहावा. सुरू होण्याच्या वेळेवर कोणाचा भार किती, हे तेथे प्रत्येक नावापुढे सहसा लिहिलेले असते. तेथून बंद केलेला प्रोग्राम संगणकावरून काढला जात नाही, फक्त न बोलावता सुरू होत नाही, त्यामुळे चॅट, संगीत किंवा खेळांचे प्रोग्राम निःशंकपणे बंद करावेत. अँटिव्हायरस आणि आवाज किंवा टचपॅड यांच्याशी संबंधित नोंदींना मात्र हात लावू नये.