डिव्हाइस ट्रीमधला यूएसबी कंट्रोलर: आरके३३९९ चं उदाहरण

पीसीवरचा यूएसबी कंट्रोलर पीसीआय बसवर असतो, आणि तो काय आहे हे कर्नलने विचारलं की स्वतःच सांगतो. क्लास कोड ०सी०३३० मिळाला की एक्सएचसीआय (यूएसबी ३ कंट्रोलरचं प्रमाण) ड्रायव्हर पुढचं बघतो. एआरएमच्या चिपमधला कंट्रोलर मात्र मुका असतो. त्याचा पत्ता, इंटरप्ट, क्लॉक, रीसेट, फाय (तारेवरचे सिग्नल हाताळणारं सर्किट), वीज हे सगळं डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलच्या, नोडमध्ये आपणच लिहायचं. नोडमध्ये चिप आणि बोर्ड कसे जोडलेले आहेत एवढंच असावं, ड्रायव्हरने कसं वागावं हे नाही. प्रत्येक ओळीला चिपच्या मॅन्युअलमध्ये किंवा बोर्डच्या स्किमॅटिकमध्ये आधार सापडला पाहिजे. दुसऱ्या बोर्डच्या फाइलमधून उचललेली ओळ चालली, तरी ती का चालली हे शोधल्याशिवाय ठेवू नये.

रॉकचिपच्या आरके३३९९ मध्ये सिनॉप्सिसचे दोन डीडब्ल्यूसी३ कंट्रोलर आहेत. पहिला एफई८००००० या पत्त्यावर, दुसरा एफई९००००० वर. मेनलाइन (मूळ, अधिकृत) लिनक्समध्ये प्रत्येकाला दोन नोड आहेत: बाहेरचा रॉकचिपचा, ज्यात क्लॉक आणि रीसेट येतात, आणि त्याच्या पोटात ‘एसएनपीएस,डीडब्ल्यूसी३’ असा कम्पॅटिबल (ड्रायव्हर ज्यावरून जुळतो ते नाव) असलेला. चिपच्या डीटीएसआय फाइलमध्ये (सगळ्या बोर्डांना सामाईक असलेल्या) दोघांचाही स्टेटस ‘डिसेबल्ड’ असतो, म्हणून बोर्डच्या फाइलमध्ये दोघांनाही ‘ओके’ करावं लागतं. फक्त बाहेरचा चालू केला तर त्याचा ड्रायव्हर बिनतक्रार लोड होतो, आतला नोड वगळला जातो, आणि लॉगमध्ये एकही एरर येत नाही. पोर्ट मेलेला आणि लॉग स्वच्छ असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

‘रेग’मध्ये पत्ता आणि आकार. या चिपवर दोन्ही ६४ बिटचे, म्हणजे दोन-दोन सेल (३२ बिटचे आकडे). आकार १००००० हेक्स. पहिल्या ३२ केबीत एक्सएचसीआयचे रजिस्टर येतात, तर सिनॉप्सिसचे ग्लोबल रजिस्टर सी१०० पासून पुढे आहेत. आकार कमी लिहिला तर हा दुसरा भाग हाती लागत नाही. पत्ता बरोबर आहे का, हे सी१२० या ऑफसेटवरचं ओळख रजिस्टर वाचून कळतं: डीडब्ल्यूसी३ असेल तर वरच्या १६ बिटांत ५५३३ दिसतं, यूएसबी ३.१ च्या कोअरला ३३३१. ड्रायव्हरही प्रोब करताना (उपकरण ताब्यात घेताना) हेच बघतो आणि न जुळल्यास हा डिझाइनवेअरचा कोअर नाही असं सांगून थांबतो. मात्र क्लॉक बंद असताना हे रजिस्टर वाचू नका. एक्स्टर्नल अॅबॉर्ट येईल, नाहीतर बोर्ड जागच्या जागी गोठेल. याच कारणासाठी क्लॉकच्या यादीतलं एखादं नाव सुटलं की गडबड ‘यूएसबी चालत नाही’ अशी न दिसता ‘बूट अर्ध्यात थांबतं’ अशी दिसते, आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

इंटरप्टच्या आकड्यात ३२ चा फरक नेहमी नडतो. जीआयसीच्या (एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या) क्रमांकनात एसपीआय, म्हणजे उपकरणांचे सामाईक इंटरप्ट, ३२ पासून सुरू होतात, पण डिव्हाइस ट्रीत शून्यापासून मोजतात. पहिल्या कंट्रोलरचा जीआयसी क्रमांक १३७, म्हणून नोडमध्ये १०५. शिवाय आरके३३९९ च्या जीआयसीला तीन नाही, चार सेल लागतात, चौथ्यात शून्य. दुसऱ्या चिपचा नोड नकलून आणला की हा चौथा सेल हमखास राहतो.

आता फाय. यूएसबी २ आणि यूएसबी ३ चे फाय वेगवेगळे. ‘फाय-नेम्स’मधला क्रम ‘फायज्’मधल्या क्रमाशी जुळलाच पाहिजे, कारण ड्रायव्हर नावावरूनच शोधतो. फायचा मूळ नोड बंद राहिला किंवा त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसला, तर कंट्रोलरचा प्रोब -५१७ देऊन पुढे ढकलला जातो आणि तसाच लटकून राहतो. डीबगएफएसमधली (कर्नलच्या डीबग फाइलसिस्टममधली) ‘डिव्हायसेस_डिफर्ड’ ही फाइल उघडली की त्यात त्याचं नाव दिसतं. बोर्डवर सुपरस्पीडची लेन नसेल तर यूएसबी ३ चा फाय यादीतून काढून ‘मॅक्सिमम-स्पीड’ला ‘हाय-स्पीड’ लिहावं. आरके३५६६ च्या ओटीजी (होस्ट किंवा पेरिफेरल दोन्ही होऊ शकणाऱ्या) पोर्टसाठी मेनलाइनमध्ये नेमकं हेच केलंय.

कंट्रोलरची भूमिका सांगणारी ‘डीआर_मोड’ ही ओळ विसरू नका. कोअर ३.३०ए किंवा त्यानंतरचा असेल, कर्नलमध्ये होस्ट आणि पेरिफेरल (दुसऱ्या यंत्राला जोडलं जाणारं उपकरण) या दोन्ही भूमिकांचा सपोर्ट असेल आणि नोडमध्ये मोड किंवा रोल-स्विच काहीच नसेल, तर ड्रायव्हर त्याला पेरिफेरल करतो. मग टाइप-ए सॉकेटमध्ये पेन ड्राइव्ह घातला तरी ‘एलएसयूएसबी’त बससुद्धा दिसत नाही. टाइप-ए सॉकेट असेल तर थेट ‘होस्ट’ लिहा. तारच तशी आहे, त्यात निवडीचा प्रश्न नाही.

व्हीबसच्या (सॉकेटला वीज देणाऱ्या तारेच्या) पाच व्होल्टसाठी बहुतेक बोर्डांवर जीपीआयओने (चिपच्या साध्या पिनने) चालू-बंद होणारा फिक्स्ड रेग्युलेटर असतो. त्यात ‘एनेबल-अॅक्टिव्ह-हाय’ ही वेगळी ओळ लागते. जीपीआयओच्या फ्लॅगमध्ये अॅक्टिव्ह हाय लिहिलं असलं तरी ही ओळ नसेल तर कर्नल त्याला अॅक्टिव्ह लोच धरतो, आणि रेग्युलेटर ‘चालू’ केला की वीज जाते. सॉकेटवर मल्टिमीटर लावून बघा.

याच चिपवर यूएसबी २ चे वेगळे होस्ट पोर्टही आहेत, ईएचसीआय आणि ओएचसीआय अशा जोडीचे. ओएचसीआयचा नोड चालू करायचा राहिला तर पेन ड्राइव्ह चालतो आणि कीबोर्ड चालत नाही, कारण ईएचसीआय फक्त हाय-स्पीड हाताळतो आणि कमी वेगाचं उपकरण जोडीदाराकडे सोपवतो. मध्ये यूएसबी २ चा हब लावल्यावर तोच कीबोर्ड चालू लागला, तर निदान पक्कं.

क्वर्क नावाच्या, म्हणजे चिपच्या खोडीवर उपाय करणाऱ्या, प्रॉपर्टी शेवटी. यूएसबी २ चा फाय सस्पेंड होऊ न देणारी ‘डिस_यू२_सस्फाय’ आरके३३९९ ला खरोखर लागते. पण इतर चिपवर त्या ढीगभर चिकटवल्या तर वीज वाया जाते आणि मूळ चूक झाकली जाते.

बदल केल्यावर ‘मेक डीटीबीएस_चेक’ चालवा. नावं आणि रचना तो तपासतो; पत्ता किंवा इंटरप्टचा आकडा चुकला तर त्याला कळत नाही. आणि बूट झाल्यावर ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’मध्ये आपला बदल खरंच आलाय का ते पाहा. बूटलोडर जुनी डीटीबी (कंपाइल केलेली डिव्हाइस ट्री) फाइल उचलत असेल, तर वरचं काहीही दुरुस्त केलं तरी फरक पडणार नाही.