हरिहर, उलटी सायकल आणि दोन पावसाळे छळणारा मागचा ब्रेक

मागचा ब्रेक पुन्हा गेला. पण या वेळी तो का गेला हे मला सापडले आहे, म्हणून महिनाअखेरीची वाट न पाहता ही नोंद आजच लिहिते आहे. गेल्या पावसाळ्यापासून ज्यांनी मला पॅड (ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्ट्या) बदल, तेल बदल, सायकलच बदल असे सल्ले दिले, त्या सर्वांना हे आधी कळायला हवे.

माझ्या किल्ल्यांच्या फेऱ्यांचे नियम जुनेच आहेत. नाशिकमधून घराच्या दारातून सायकल काढायची, किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत ती चालवायची, पुढे पायी चढायचे आणि परतही तसेच यायचे. गाडीची मदत घ्यायची नाही. या हंगामात रामशेज, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी झाले होते आणि चौथा हरिहर ठरला होता. शनिवार-रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागते आणि ओल्या कातळावर खालीवर दोन्हीकडून माणसे असणे मला धोक्याचे वाटते, म्हणून मी मंगळवार निवडला. हवामान खात्याचा रेड अलर्ट असता तर निघालेच नसते. त्या दिवशी यलो होता.

पहाटे साडेचारला निघाले तेव्हा शहरात भुरभुर होती. अंजनेरीच्या पुढे पाऊस आडवा झाला आणि त्र्यंबकेश्वरला पोहोचेपर्यंत बुटात पाणी खेळू लागले. नाशिक शहरात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि इगतपुरीला सुमारे 3,000. या दोन आकड्यांमधले अंतर सायकलवर कापताना पावसाचा रंग, आवाज आणि वजन कसे बदलत जाते, ते शरीराला कळते. गाडीच्या काचेआडून ते कळत नाही. त्र्यंबकनंतर रहदारी संपली. खाचरांत आवणी चालू होती आणि डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बायका वाकल्या वाकल्याच मान वळवून सायकलकडे पाहत होत्या.

हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्याला नेहमीसारखी गावाबाहेरच्या झाडाखाली सायकल उलटी उभी केली, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीवर आणि चाके आभाळाकडे. या पठारावरचा वारा स्टँडवरची सायकल हमखास पाडतो. उलटी सायकल पडत नाही, चाके चिखलात रुतत नाहीत आणि कोणी सहज ढकलून नेऊही शकत नाही, म्हणून दोन वर्षे मी तसेच करत आले. मागच्या एका नोंदीत तर ही पद्धत सर्वांना सुचवलीही होती. ती सूचना मी आज मागे घेते.

किल्ल्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण मुद्दा दुसरा आहे. पण पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिले तेव्हा मागेपुढे कोणीही नव्हते आणि धुक्यात वरच्या पायऱ्या दिसतही नव्हत्या. कातळात खोदलेल्या प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना बोटे अडकवण्यासाठी खोबण्या आहेत. त्या खोबण्यांत साठलेले थंड पाणी प्रत्येक वेळी मनगटावरून बाहीत उतरत होते. तीन बिंदू पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही एवढाच विचार करत दरवाजापर्यंत पोहोचले. इतक्या वेळा जाऊनही हरिहर एकटीने, पावसात आणि असा निवांत पहिल्यांदाच मिळाला. गेल्या महिन्यात घेतलेल्या मऊ रबरी तळाच्या बुटांनी पायऱ्यांवर उत्तम काम केले. पिन असलेल्या साध्या सपाट पेडलवर ते सायकल चालवतानाही घट्ट बसतात. चढ असलेल्या दिवशी क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट आणि ट्रेकिंगचे बूट असे दोन जोड वाहणे आता मी कायमचे बंद केले आहे.

साडेतीन तासांनी खाली आले, सायकल सरळ केली आणि उताराला लागले. पहिल्याच वळणावर मागच्या ब्रेकचा लिव्हर थेट ग्रिपला टेकला. सायकल थांबेना. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत रस्त्याच्या कडेच्या गवतात उतरले आणि तिथून सायकल हातात धरून चालत निघाले. उतार संपेपर्यंत पावणेदोन तास गेले. मी घाबरले होते हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आता दोन वर्षांच्या तपासाबद्दल. गेल्या पावसाळ्यात मागच्या पॅडचे तीन जोड संपले होते, तर एरवी एक जोड मला वर्षभर पुरतो. पहिला संशय पॅडवर होता. रेझिनचे, म्हणजे राळेत बांधलेल्या मऊ मिश्रणाचे, पॅड ओल्या मातीत भराभर झिजतात हे सर्वज्ञात आहे, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड मागवले. तेही दोन फेऱ्यांत गेले, तेव्हा सँडपेपरवर घासून पाहिले. सिंटर्ड पॅड घासल्यावर धातूची चमक दिसायला हवी होती. इथे मऊ काळी भुकटी निघाली. पाकिटावर काहीही छापलेले असो, आत रेझिनच होते. पॅड हातात घेऊन पाहता येतील अशा दुकानातूनच घ्यावेत, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

त्यानंतर खरे सिंटर्ड पॅड मिळवले आणि बसवताना रोटर, म्हणजे पॅड ज्यावर दाबले जातात ती चाकावरची चकती, पुसला, तेव्हा चिखलाखाली कोरलेली सूचना दिसली की या रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरावेत. स्वस्त रोटरचे पोलाद मऊ असते आणि सिंटर्ड पॅड ते खाऊन टाकतात. व्हर्नियर लावला तर जाडी 1.6 मिलिमीटर भरली. शिमानोचा नवा रोटर 1.8 असतो आणि 1.5 ला तो बदलायला सांगितलेले आहे. रोटर बदलला, पॅड बदलले, साखळीचे तेल डिस्कवर उडत असेल म्हणून तेलही कमी केले. तरीही अंजनेरीहून परतताना ब्रेक घासल्याचा आवाज सुरू झाला आणि ब्रह्मगिरीनंतर लिव्हर सैल लागू लागला.

खरे तर पुरावा माझ्याच वहीत होता. गेल्या जुलैतली 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण पावसात झाली, सायकल तेरा तास भिजली आणि ब्रेकला काहीही झाले नाही. गंगापूर धरणामागच्या कच्च्या रस्त्यावर चाके काळ्या मातीने भरून फिरेनाशी झाली होती, तरी पॅड शाबूत राहिले. हरिहरहून आल्यावर रात्री मी वही पालथी घातली आणि ज्या दिवशी ब्रेक बिघडला त्या प्रत्येक तारखेपुढे खूण केली. त्या सर्व तारखा किल्ल्याच्या होत्या. सायकल चालत असताना ब्रेकला काही होत नव्हते. मी किल्ल्यावर असताना, सायकल उभी असताना, काहीतरी होत होते.

दुसऱ्या दिवशी कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ते रोटरवर दाबणारा भाग, खोलला. माझे ब्रेक केबलवर चालणारे आहेत. त्यांत बाहेरचा पॅड हलतो आणि रोटरला आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. आतल्या पॅडवर निम्मे मटेरियल शिल्लक होते, बाहेरचा मात्र लोखंडापर्यंत गेला होता. नुसत्या चिखलाने पॅड झिजले असते तर दोन्ही साधारण सारखे झिजले असते. याचा अर्थ हलणारा पॅड मागे सरकतच नव्हता आणि लिव्हर सोडल्यावरही रोटरला चिकटून फिरत होता. केबल सुटी केली तर कॅलिपरचा दांडा स्प्रिंगने टणकन मागे आला. कॅलिपर निर्दोष होता. मग आउटरमधून (केबलच्या बाहेरच्या नळीतून) इनर (आतली तार) ओढू लागले, तर ती करकरत आली, तिच्यावर तपकिरी गाळाचा थर होता आणि आउटरच्या तोंडातून दोन थेंब गढूळ पाणी टपकले.

ते दोन थेंब पाहताच सगळा उलगडा झाला. सायकल सरळ असते तेव्हा मागच्या ब्रेकचे आउटर वरून खाली कॅलिपरकडे येते आणि त्याचे उघडे तोंड जमिनीकडे असते, त्यामुळे पाणी आत शिरले तरी निथळून जाते. सायकल उलटी केली की तेच तोंड आभाळाकडे होते. कॅलिपरवरचा चिखल धुऊन निघालेले पाणी उघड्या इनरवरून ओघळत थेट आउटरमध्ये उतरते. आम्ही मजेत किल्ला पाहत असतो आणि ती नळी तीन-चार तास भरत राहते. नंतर त्या वाळूमिश्रित पाण्यात केबल अडकते, पॅड घासत राहतो आणि परतीच्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये संपतो. पुढच्या ब्रेकचे आउटर लहान आणि सरळ आहे, म्हणून तो आजवर तगला असावा.

अंदाजावर थांबायचे नव्हते. नवी इनर आणि नवे आउटर लावले, पाण्यात गेरू कालवला आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी करून झाडाच्या झारीने कॅलिपरवर दहा मिनिटे ते पाणी सोडले. रात्रभर ठेवून सकाळी इनर ओढली. टोकापासून 23 सेंटिमीटरपर्यंत ती लाल होती. मग सगळे धुऊन, सायकल सरळ उभी करून तोच प्रयोग केला, तेव्हा लाल रंग टोकाच्या अर्ध्या सेंटिमीटरपुरताच लागला. हा गेरूचा डाग पाहून मला जो आनंद झाला, तो हरिहरचा दरवाजा गाठताना झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

उपाय साधा आहे. सायकल सरळ उभी करायची. निरगुडपाड्याच्या ज्या आजींच्या घरी परतताना चहा घेते, त्या गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, “पोरी, पावसात कशाला ठेवते, पडवीत उभी कर की.” मी त्यांना त्रास नको म्हणून टाळत राहिले, ही माझी चूक झाली. जिथे घर जवळ नाही तिथे सीट-ट्यूब (सीटखालची सांगाड्याची नळी) झाडाला दोन जागी बांधायची. त्यासाठी मी चाकाच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. त्याखेरीज केबलचे उघडे तोंड झाकण्यासाठी मोटरसायकलच्या क्लच केबलचे रबरी बूट, म्हणजे टोकावर बसणाऱ्या टोप्या, आणले आहेत. ते कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. मोटरसायकलची केबल सायकलच्या 1.6 मिलिमीटर इनरपेक्षा जाड असल्याने बुटाचे भोक थोडे मोठे पडते, पण ग्रीसने ती फट भरते. हे बूट सायकलच्या दुकानात मागितले तेव्हा मला पूर्ण हायड्रॉलिक सेटच दाखवण्यात आला. हायड्रॉलिक ब्रेक उत्तम असतात हे मला मान्य आहे, परंतु ते उलटे ठेवले तर तेलाच्या टाकीतली हवा नळीत जाऊन लिव्हर मऊ पडू शकतो. आडगावी तो दुरुस्तही करता येत नाही. केबल मात्र एका अॅलन कीने, भर पावसात, झाडाखाली बदलता येते. दूरच्या किल्ल्यांसाठी मी केबललाच धरून राहणार आहे.

ही नोंद लिहिता लिहिता एक विचार आला, म्हणून मध्येच उठून पार्किंगमध्ये जाऊन आले. किल्ल्याहून परतताना मागचे गिअर जड पडतात, याला मी आजवर चिखलच कारण धरत होते. डिरेलरजवळची (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाजवळची) शेवटची वळलेली आउटर काढून फुंकली, तर हाताच्या तळव्यावर तपकिरी पाण्याचा फवारा आला. म्हणजे गिअरच्या केबलचीही तीच कथा आहे. तिची इनर 1.2 मिलिमीटरची, अधिक बारीक असल्याने गाळाने ती लवकर अडत असणार. ते आउटरही आता बदलायचे आहे आणि केबलच्या रबरी बुटांची आणखी एक जोडी आणायची आहे.

त्यामुळे बेत बदलतो आहे. पुढच्या आठवड्यात साल्हेरला निघायचे ठरले होते. 1,567 मीटरचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला सायकलने गाठायचा, तर जाण्यासाठी एक पूर्ण दिवस, चढण्यासाठी दुसरा आणि परतण्यासाठी तिसरा दिवस लागेल. इतक्या लांब न तपासलेली केबल घेऊन जाणे मला पटत नाही. आधी बुधवारी रामशेज करते. तो जवळ आहे, चढ थोडा आहे आणि काही बिघडलेच तर पेठ रस्त्याने चालतही घरी येता येईल. सायकल मुद्दाम पावसातच, पण सरळ बांधून, तीन तास ठेवणार आहे. निघण्यापूर्वी मागचे चाक उचलून एकदा ब्रेक दाबून सोडायचा, हाताने एक झटका द्यायचा आणि किती फेरे होतात ते मोजायचे. हरिहरहून आल्यावर ते दीड फेऱ्यात थांबले होते, आज सकाळी नव्या केबलवर सतरा फेरे झाले. रामशेजहून उतरल्यावर पहिले काम तेच मोजणे असेल, आणि आकडा पंधराच्या वर राहिला तर साल्हेरची तारीख त्याच रात्री कळवते.