मोडी प्रचारफीत, नोंद चौथी: शिरोरेषा सुटी झाली

मागच्या नोंदीत जे दृश्य अडून बसले होते, म्हणजे मोडीतील ओळ जाऊन तिच्या जागी त्याच मजकुराची देवनागरी ओळ येण्याचे दृश्य, ते अखेर मनासारखे जमले आहे. ज्या अडचणीने हैराण केले होते तिच्यातूनच संपूर्ण फितीचा आराखडा बदलण्याची कल्पना निघाल्यामुळे ही नोंद ठरल्यापेक्षा लवकर लिहीत आहे. फितीचा हेतू तोच आहे. हस्तलिखिते यंत्राकडून वाचून घेणाऱ्या ई-स्क्रिप्टोरियम आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या क्राकेन या मुक्तस्रोत साधनांवर आमचा गट यंत्राला मोडी हस्ताक्षर शिकवण्यासाठी जो खुला प्रशिक्षण-संच तयार करीत आहे, त्यातील ओळी तपासण्यासाठी मोडी वाचता येणारी माणसे हवी आहेत, आणि दीड मिनिटात त्यांना तेवढे पटवून द्यायचे आहे. साधन पॅरिसच्या पीएसएल विद्यापीठात घडलेले असले, तरी मोडीचे जाणकार पुण्यात, धुळ्यात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील कागदांभोवती जमलेल्या मंडळींत आहेत, त्यामुळे निवेदन मराठीतच राहील.

अडचण अशी होती. फीत ज्यात घडते त्या मॅनिम या कोडमधून चलचित्र बनवणाऱ्या साधनाच्या सामुदायिक आवृत्तीत मजकूर पँगो या अक्षरजुळणीच्या संचामार्फत जुळवला जातो, त्यामुळे जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार बिनचूक येतात, आणि एवढ्यासाठी तरी मी या साधनाचा कायमचा ऋणी आहे. मात्र जुळलेला मजकूर पुढे सुट्या आकृत्यांच्या रूपात हाती येतो आणि प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे रंगवली जाते. देवनागरी टंकांत (फाँटांत) शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा सांधा दिसू नये म्हणून एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. मजकूर पूर्ण गडद असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही, परंतु तो हळूहळू उमटवायचा म्हटले की अर्धपारदर्शक अवस्थेत प्रत्येक सांध्यावर दुप्पट शाई दिसते आणि शिरोरेषेवर काळ्या ठिपक्यांची रांग उभी राहते. अक्षरांची बाह्यरेषा आधी रेखाटण्याचा प्रकार वापरला तर ठिपक्यांऐवजी उभ्या चिरा दिसतात. रोमन लिपीत अक्षरे सुटी असल्यामुळे तिकडच्या शिकवण्यांत या प्रश्नाचा उल्लेखही सापडत नाही.

पहिला उपाय सरळ होता. मॅनिममध्ये आकृत्यांची बेरीज, वजाबाकी आणि छेद काढण्याची सोय आहे; शब्दातील सर्व आकृत्यांची बेरीज केली की शब्द एकसंध होतो आणि ठिपके नाहीसे होतात. परंतु मग अक्षर एकेक करून आणता येत नाही, आणि एकसंध मोडी शब्दाचे एकसंध देवनागरी शब्दात रूपांतर करू गेले तर मधल्या चौकटींत जे काही दिसते त्याला लिपी म्हणणे कठीण आहे. दुसरा उपाय पारदर्शकतेला हातच न लावण्याचा होता: अक्षराचा रंग कागदाच्या रंगापासून शाईच्या रंगापर्यंत सरकत न्यायचा. सपाट पार्श्वभूमीवर हा उपाय निर्दोष चालतो आणि ज्यांना केवळ शीर्षके करायची आहेत त्यांनी निःशंक वापरावा. आमच्या दृश्यात मात्र अक्षरांखाली जुन्या कागदाचे छायाचित्र आहे, त्यावर डाग आहेत, घड्या आहेत, मागच्या बाजूची फुटलेली शाई आहे. अशा पार्श्वभूमीवर ‘कागदाचा रंग’ असा एक रंगच नसतो.

मार्ग सुचला तो खऱ्या कागदाकडे पुन्हा पाहताना. देवनागरी लिहिताना आपण सामान्यतः शब्दाची अक्षरे आधी काढतो आणि वरची रेघ शेवटी ओढतो. मोडीचा लेखनिक याच्या उलट वागे: तो कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा आधी आखून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई, शब्दांमध्ये जागा सोडण्याचेही बंधन न पाळता. म्हणजे ज्या रेषेचे सांधे लपवण्यासाठी मी धडपडत होतो, ती रेषा मुळात अक्षरांचा भाग म्हणून दाखवण्याची गरजच नव्हती. ती वेगळी काढली, तर मोडीत ती आधी येईल, देवनागरीत शेवटी येईल, आणि दोन लिप्यांच्या लेखनरीतीतला फरक निवेदनात एक शब्दही न खर्चता प्रेक्षकाला दिसेल.

प्रत्यक्ष काम असे केले. शिरोरेषेच्या जाडीइतका एक आडवा पट्टा घेतला आणि तो प्रत्येक आकृतीतून स्वतंत्रपणे वजा केला. आधी सगळ्यांची बेरीज करून मग पट्टा वजा करण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर तुकडे परत वेगळे करताना अक्षरांच्या पोटातील पोकळ्या स्वतंत्र आकृत्या बनतात आणि भरून निघतात. मोडी ओळीसाठी रेषा म्हणून साधा लांब आयत पुरला. देवनागरीत तो चालत नाही, हे चाचणीत तत्काळ दिसले. शेवटच्या चौकटीतील आमचे घोषवाक्य आहे ‘आधी वाचा, मग भाष्य करा’, आणि ध व भ यांच्या डोक्यावर रेषेची जी मोकळी जागा असते ती आयताने बुजवल्यामुळे पडद्यावर ‘आघी वाचा, मग माष्य करा’ असे झळकले. लिप्यंतराच्या प्रकल्पाची याहून उत्तम जाहिरात कोणती असणार! त्यामुळे देवनागरीसाठी पट्ट्याचा प्रत्येक आकृतीशी छेद काढून त्या छेदांची बेरीज केली. मोकळ्या जागा जिथल्या तिथे राहिल्या आणि सांधे नाहीसे झाले.

यातून एक नवे दुखणे निघाले. अक्षर आणि रेषा जिथे कापली तिथे केसाएवढी फिकट फट दिसू लागली. दोन आकृत्यांच्या कडा पडद्याच्या एकाच बिंदूतून (पिक्सेलमधून) जात असल्या की प्रत्येक कड स्वतंत्रपणे मऊ केली जाते आणि दोन्ही अर्धवट रंग मिळूनही तो बिंदू पूर्ण भरत नाही. इलाज म्हणून पट्टा वजा करताना तो वरखाली थोडा अरुंद घेतला, जेणेकरून अक्षरे आणि मात्रा रेषेखाली किंचित शिरतील. असे केले की आच्छादन परत येते, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. म्हणून मॅनिममध्ये पारदर्शकता बदलणे पूर्णपणे सोडून दिले आहे. अक्षरे कायम गडद ठेवून ती झाकणाआडून डावीकडून उजवीकडे उघडत जातात, सगळा थर पारदर्शक पार्श्वभूमीसह बाहेर काढला जातो, आणि फिकट करण्याचे काम केडेनलाइव्ह या चित्रफीत-संपादकात त्या अख्ख्या थरावर होते. तिथपर्यंत आकृत्या एकरूप झालेल्या असल्याने दुप्पट शाईचा प्रश्न उद्भवत नाही, आणि कागदाचे छायाचित्र बदलायचे झाल्यास मॅनिमला पुन्हा राबवावे लागत नाही.

अक्षरक्रमांकांबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. नमुना ओळ म्हणून ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा पत्रारंभीचा सर्वपरिचित मायना घेतला आहे. त्यातील ‘लक्ष्मी’ हा शब्द संगणकाच्या लेखी सात संकेतबिंदूंचा (म्हणजे सुट्या साठवलेल्या खुणांचा) आहे, परंतु पडद्यावर टंकानुसार चारच आकृत्या येतात; ‘डि’ मधील वेलांटी तर टंकलेखनात नंतर येऊनही आकृत्यांच्या रांगेत ड च्या आधी उभी असते. म्हणून ‘पाचवे अक्षर लाल करा’ अशा आज्ञा मराठीत विसराव्यात. कोणत्या आकृत्या एकत्र हलायच्या याची यादी मी हाताने केली. मोडी ओळीसाठी नोटो सान्स मोडी हा टंक वापरला. मोडीला युनिकोड या अक्षरसंकेतांच्या जागतिक प्रमाणात 2014 साली, सातव्या आवृत्तीत, 11600 ते 1165F हा स्वतंत्र गट मिळालेला असल्याने देवनागरीच्या जागी मोडीचे चित्र बसवणारे जुने टंक आता अशा कामात आणू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. छापील मोडी हस्तलिखितासारखी वळणदार दिसत नाही ही तक्रार खरी आहे, पण प्रकल्प खुल्या विदेचा (डेटाचा) असताना त्याच्याच फितीत शोधता न येणारा मजकूर असणे शोभणारे नाही.

संगणकाच्या पडद्याचे चित्रण ओबीएस या चित्रणाच्या साधनावर झाले. नोंदणी एमकेव्ही स्वरूपात ठेवल्याने मध्येच वीज गेली तरी तोवरचे चित्रण वाचते. आमच्याकडे उन्हाळ्यात या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको. ब्राउझर दीडपट मोठा करून घेतल्याशिवाय ई-स्क्रिप्टोरियमच्या खिडकीतील अक्षरे भ्रमणध्वनीवर वाचता येत नाहीत. पार्श्वसंगीत काढून टाकले आहे. मुक्त परवान्याच्या संगीतात सतार आणि तबला यांचा जो ‘भारतीय’ मसाला मिळतो तो या विषयाला न्याय देत नाही. त्याऐवजी हातकागदावर चालणाऱ्या बोरूचा आवाज ध्वनिमुद्रित केला, आणि शिरोरेषा ओढली जाताना तो लांब खर्र असा आवाज जेव्हा रेषेच्या वेगाशी तंतोतंत जुळला, तेव्हा त्या संध्याकाळी दुसरे काही काम करण्याची इच्छा उरली नाही. उपशीर्षके वेगळ्या फाइलीत राहतील, केवळ व्हॉट्सॲपच्या आवृत्तीत ती चित्रावर छापली जातील; ती छापणारे लिबॲस मजकुराची जुळणी हार्फबझ या अक्षरजुळणीच्या साधनाकडून करून घेत असल्याने तिथे जोडाक्षरांची चिंता नाही.

दृश्यातील कागद कुठला, असे अनेकांनी विचारले होते. सरकारी दप्तरातील किंवा संस्थांच्या संग्रहातील कागदाचे छायाचित्र परवानगीशिवाय प्रचारफितीत वापरायचे नाही, असे ठरले आहे. सध्याचा कागद गटातील एका सदस्याच्या घरच्या रुमालातील (कापडात बांधलेल्या जुन्या दप्तरातील) गहाणखत असून त्यातील नावे झाकली आहेत.

आता आराखड्यातील बदलाविषयी. मूळ योजनेप्रमाणे आरंभी धूळ बसलेले रुमाल, मग संगणक, मग लिपी बदलण्याचे दृश्य असा क्रम होता. हे काम करीत असतानाच लक्षात आले की क्राकेनला ओळी ओळखायला शिकवताना अक्षरांच्या पायाशी असलेल्या रेषेऐवजी डोक्यावरची रेषा प्रमाण धरण्याची सोय आहे, आणि ती हिब्रू, बंगाली, देवनागरी अशा, जिथे अक्षरे रेषेखाली लटकतात, त्या लिप्यांसाठीच ठेवलेली आहे. म्हणजे लेखनिक प्रथम जे करीत होता, तेच यंत्रही प्रथम करते: आधी रेषा, मग अक्षर. तेव्हा आरंभीचे रुमाल काढून टाकावेत, फीत थेट कोऱ्या कागदावर ओढल्या जाणाऱ्या रेषेने सुरू करावी, आणि ती रेषा पूर्ण होताच त्याच उंचीवर, त्याच तिरकेपणाने, ई-स्क्रिप्टोरियमच्या पडद्यावर यंत्राने आखलेली रेषा दिसावी, असा विचार पक्का होत आहे. त्यासाठी पडद्याचे चित्रण पुन्हा करावे लागेल, कारण सध्याच्या चित्रणात पान सरळ आहे आणि छायाचित्रातला कागद किंचित कललेला आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून राहणार आहे. यंत्राने वाचलेली ओळ दाखवताना तिच्यातील चूक आणि ती दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही फितीत दिसलेच पाहिजेत. गटातील काहींना त्यामुळे प्रकल्प कच्चा वाटेल अशी भीती आहे. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत सहसा पाळलेलाच नसल्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरून माणसालाच ठरवावे लागते, आणि तपासनीस हवेत हे सांगण्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. निर्दोष यंत्र दाखवले तर तपासायला येणार कोण?

पुढील नोंदीपूर्वी निवेदनाची संहिता नव्या क्रमाप्रमाणे लिहून काढायची आहे आणि उभ्या चौकटीत मोडीची लांब ओळ कशी बसवायची याचा निकाल लावायचा आहे. ओळ तोडली तर आरंभीची लांबलचक रेषा जाते, लहान केली तर अक्षरे दिसत नाहीत. कागद आडवा सरकवत नेण्याचा तिसरा पर्याय आज दुपारपासून डोक्यात आहे. तुमच्यापैकी कोणी उभ्या फितीत लांब आडवा मजकूर हाताळला असल्यास सरकण्याचा वेग किती ठेवलात तेवढे अवश्य कळवावे. आकृत्यांतून शिरोरेषा वेगळी काढण्याचा कोड स्वच्छ करून प्रकल्पाच्या भांडारात मुक्त परवान्याखाली ठेवत आहे. रफाराच्या बाबतीत तो अजून अडखळतो, दुरुस्त्यांचे स्वागत आहे.