तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं टिकत नाहीत, त्याचं काय?

‘पोरं येतात, दोन सीझन करतात आणि पुण्याला जातात. तरुण मुलांना या कामात टिकवायचं कसं?’ बेळगावात परिषदा, अधिवेशनं, कंपन्यांचे मेळावे भरवणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, हा प्रश्न येतोच. हॉलचे मालक विचारतात, डॉक्टरांच्या संघटनेचे सचिव विचारतात, निपाणी-चिकोडीकडचे मांडववालेही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुण्या-बेंगळुरूत पैसे जास्त मिळतात हे खरं. पण इथे तीन वर्षं राबलेल्या मुलाला ‘तू नेमकं काय करतोस?’ असं विचारून बघा. खुर्च्या लावल्या, पाहुणे सांबऱ्याच्या विमानतळावरून आणले, बॅनर बांधला, हार आणायला पळालो. दिवसभर धावपळ केली, पण अमुक एक काम माझं होतं असं सांगण्यासारखं त्याच्या हातात काही नसतं. मुलाखतीला गेल्यावर तो गप्प बसतो आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू करायचंच तर ते पुण्यात का नको, असा त्याचा हिशेब असतो. तो चुकीचा म्हणता येत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: कार्यक्रमाचा एक तुकडा पूर्णपणे त्याच्या नावावर करा. आखणीपासून हिशेबापर्यंत. छोटा चालेल, अर्धवट चालणार नाही.

पहिला तुकडा म्हणून मी नोंदणीचं टेबल सुचवतो, कारण त्यात गणित आहे, माणसं आहेत आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी दिसते. समजा ४०० प्रतिनिधी आहेत आणि उद्घाटन साडेनऊला. पत्रिकेवर ‘नोंदणी ८ पासून’ छापलं तरी निम्म्याहून जास्त लोक ९ ते ९.३० मध्येच येणार. २८० धरा. नाव शोधणं, बिल्ला देणं, पिशवी देणं याला माणशी ३० सेकंद धरली तर एका काउंटरवरून अर्ध्या तासात ६० जण जातात. म्हणजे ५ काउंटर हवेत. सहावं टेबल थोडं बाजूला, अडचणवाल्यांसाठी: ज्यांचं नाव यादीत नाही, ज्यांनी पैसे भरले पण पावती नाही, ज्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं. हे सहावं टेबल नसेल तर एक रागावलेले प्राध्यापक अख्खी रांग दहा मिनिटं अडवतात.

आता काउंटर वाटायचे कसे? सगळीकडे आडनावाच्या आद्याक्षराने वाटतात. आपल्या भागात हे करून बघाच. ‘प’च्या काउंटरवर पाटलांची जत्रा आणि शेजारी ‘य’वाला मोबाइल बघत बसलेला. वर कन्नड पद्धतीत आद्याक्षरं आधी, मग नाव, ‘एस. बी. हिरेमठ’ हे नाव ‘एस’मध्ये शोधायचं की ‘ह’मध्ये, यावरून रांगेतच चर्चा सुरू होते. त्यापेक्षा मोबाइल नंबरचा शेवटचा अंक घ्या. ० आणि १ पहिल्या काउंटरवर, २ आणि ३ दुसऱ्यावर, असे पाच. गर्दी जवळजवळ सारखी वाटली जाते, भाषेचा प्रश्न उरत नाही आणि आपला नंबर कुणी विसरत नाही. मोठा फलक डोक्याच्या वर लावायचा. कमरेच्या उंचीवर लावलेला फलक पहिले चार जण उभे राहिले की झाकला जातो.

बिल्ला दोन्ही बाजूंना छापायचा, कारण एका हुकात लटकलेला बिल्ला हमखास उलटा फिरतो. नाव मोठं, संस्था लहान. आयोजकांचा लोगो सगळ्यात लहान, यावर समिती भांडली तरी. कोरे बिल्ले ५ टक्के जास्त ठेवायचे. यादी कागदावर छापून जवळ हवीच. आणि एक गोष्ट हमखास राहते: नोंदणीचं टेबल बहुतेक पोर्चमध्ये असतं आणि जनरेटरची लाइन फक्त हॉलमध्ये. हेस्कॉमची लाइट गेली की आत भाषण चालू राहतं आणि बाहेर प्रिंटर, वायफाय, लॅपटॉप एकदम मरतात. आदल्या संध्याकाळी मेन स्विच पाडून कुठे काय चालू राहतं ते बघणं, हे ज्याच्या नावावर टेबल आहे त्याचं काम. एकवीस वर्षांच्या मुलीने हॉलच्या इलेक्ट्रिशियनला ‘मेन पाडा’ म्हटलं आणि त्याने पाडला, की तिला कळतं की हे काम आपलं आहे.

तो पाडेल का, हा खरा प्रश्न. जबाबदारी देतात, अधिकार देत नाहीत, आणि गाडं इथेच अडतं. मंचामागे हातात रन-शीट, म्हणजे कार्यक्रमाचं मिनिटवार वेळापत्रक, घेऊन उभ्या असलेल्या मुलीला समितीचे काका विचारतात, ‘तू कोण गं?’ रन-शीटमध्ये मिनिटं लिहिलेली असतात: नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, अडीच मिनिटं, सरकारनेच ठरवून दिलेली. राष्ट्रगीत ५२ सेकंद. दीपप्रज्वलन ३ मिनिटं, पंख्याची दिशा आधी बघितली असेल तर. मग सत्कार. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, माणशी एक मिनिट. यादीत ६ नावं होती, सकाळी १४ झाली. वाढलेली ८ मिनिटं शेवटी कुणाच्या पानातून जातात? मुख्य वक्त्याच्या, आणि मग जेवणाच्या. आचारी साडेबाराला भात उतरवून बसलेला असतो.

म्हणून आदल्या दिवशीच्या बैठकीत अध्यक्षांनी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला हवं: उद्या मंचाच्या वेळेबद्दल हिचा शब्द शेवटचा, माझ्यासाठीसुद्धा. हे वाक्य बोलायची तयारी नसेल तर मुलीला तिथे उभी करू नका. सकाळी आलेली जादा नावं घ्यायचीच असतील तर ती चहानंतरच्या सत्रात ढकलायचा अधिकार तिचा.

आता पैशाचं. आपल्या सीमाभागाला स्वयंसेवकांची मोठी परंपरा आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, ते उभं करण्यात गंगाधरराव देशपांडे पुढे होते. त्या वेळी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. आजही गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, उचगाव-कडोलीची साहित्य संमेलनं पोरांच्या बळावरच होतात, आणि गर्दी हाताळायचं शिक्षण याहून चांगलं कुठे मिळत नाही. पण याच सवयीने घात केलाय. मंडळासाठी फुकट राबणारा मुलगा धंद्यासाठीही ‘आपलंच काम’ म्हणून राबेल असं गृहीत धरलं जातं. राबतो तो, एक सीझन.

दर आधी लिहून द्या. दिवस कधी संपतो तेही लिहा: कार्यक्रम संपला की नव्हे, सामान गाडीत चढलं की. मांडणीचा दिवस हा पूर्ण दिवस धरा. सगळ्यात मोठी तक्रार दराची नसतेच, तारखेची असते. क्लायंट दीड-दोन महिन्यांनी पैसे देतो म्हणून मुलांनाही तेव्हाच. यावर साधा उपाय आहे. समजा १० मुलं, ३ दिवस, रोज १,००० रुपये, झाले ३०,०००. हे ३०,००० क्लायंटच्या आगाऊ रकमेतून पहिल्या दिवशीच वेगळे काढायचे आणि त्याला हात लावायचा नाही. फुलवाला थांबतो, मांडववाला थांबतो, त्यांची तुमच्याशी वीस वर्षांची ओळख आहे. मुलगा सात दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या वेळी फोन उचलत नाही, आणि वर चार मित्रांना सांगतो.

पैशाइतकीच महत्त्वाची रात्रीची गाडी. खानापूरकडची, उचगावकडची, कर्ले-किणयेकडची मुलं-मुली एसटीने येतात. शेवटची बस गेल्यावर दोन-तीन तासांनी तुमचा एलईडी वॉल उतरतो. मुलीच्या घरून एकदा रात्री साडेबाराला फोन आला की दुसऱ्या दिवसापासून ती येत नाही, आणि त्यात तिची काही इच्छा विचारली जात नाही. तेव्हा अंदाजपत्रकात ‘रात्रीची गाडी’ अशी वेगळी ओळ हवी. कोण कुठे उतरणार याची यादी दुपारीच करायची आणि घरच्यांना ड्रायव्हरचा नंबर द्यायचा. शक्य असेल तर पाळीच अशी लावा की लांबची मुलं सकाळच्या तुकडीत येतील.

आता ज्याबद्दल इथे कुणी पैसे देत नाही आणि द्यायला हवेत, ते सांगतो. आपली मुलं घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, गाण्यात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी बोलतात. पुण्याच्या आयोजकाला असा माणूस शोधून सापडत नाही. आपण मात्र त्याला ‘जरा कन्नडमध्ये सांग रे’ म्हणून हाक मारतो आणि विसरतो. भाषा हाही एक पूर्ण तुकडा आहे. त्यात काय काय येतं बघा. फलक: व्यापारी फलकांवर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ पासून आहे, त्यामुळे कमान-फलकांचा मजकूर छापायच्या आधी पालिकेत विचारून घ्यावा लागतो. फाइल: नुडी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं कन्नड आणि श्रीलिपी फाँटमधलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांची खिचडी होते, म्हणून युनिकोड वापरायचं आणि छपाईला फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार गोठवूनच पाठवायची. नावं: प्रत्येक वक्त्याकडून त्याचं नाव त्याच्याच हाताने ज्या लिप्या येतात त्यात लिहून घ्यायचं, अंदाज नको. निवेदन: प्रत्येक वाक्य तीन भाषांत म्हटलं की अर्ध्या मिनिटाचं दीड मिनिट होतं आणि लोक उठून चहाला जातात. जेवण, गाड्या, हॉल बदल या सूचना तिन्ही भाषांत. वक्त्याची ओळख ज्या भाषेत तो बोलणार त्या एकाच भाषेत. हे सगळं सांभाळणाऱ्या मुलीचा दर साध्या मदतनिसाच्या दरापेक्षा वेगळा हवा, आणि कामाचं नावही.

याच मुलांना दुसऱ्या वर्षी तारीख ठरवायच्या बैठकीला बसवा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, सगळा बंदोबस्त रस्त्यावर. गणपतीत मांडववाला मिळत नाही. तीन तारखा, प्रत्येकीचे तोटे, एका पानावर. विद्यापीठाच्या परीक्षाही त्याच पानावर लिहायच्या, नाहीतर तुमचीच अर्धी टीम हॉल तिकीट घेऊन बसलेली असते.

माणसं कुठून घ्यायची, हेही विचारतात. सगळ्यांना चटपटीत बोलणारी एमबीएची मुलं हवी असतात. आयटीआय, पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल मुलांकडे बघा. वॉल, साउंड आणि लाइट एकाच फेजवर टाकले की काय होतं, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. बोलायला तो सहा महिन्यांत शिकतो.

परिषदेला प्रतिनिधी म्हणून येणारे तरुण हा थोडा वेगळा विषय. त्यांच्यासाठी ‘युवा समिती’ काढून फोटोपुरतं बसवू नका. संयोजन समितीत दोन खुर्च्या द्या, खर्चावर मत द्यायच्या हक्कासह, आणि ७५ मिनिटांचं एक सत्र त्यांच्यावर सोपवा. बहुतेकदा ते भाषण ठेवणारच नाहीत. आठ-आठ जणांची गोल टेबलं, प्रत्येकावर उद्यमबागेतल्या कारखान्यांतला एखादा अनुभवी माणूस, २० मिनिटांनी टेबल बदल, असे तीन फेरे. यात एकच गोष्ट फसते: घंटा वाजवणारा माणूस भिडस्त असतो.

बाहेरच्या जगाशी जोडणंही जमलं तर करा. एमपीआय (मीटिंग प्रोफेशनल्स इंटरनॅशनल) ही या व्यवसायाची संस्था १९७२ पासून आहे, भारतात आयसीपीबी (इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो) १९८८ पासून. सीएमपी (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल) नावाची परीक्षा आहे. तिला बसायच्या आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. इथे आपलं नेहमीचं ‘सहभागाबद्दल प्रमाणपत्र’, सोनेरी काठाचं, काही कामाचं नाही.

कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी बसा. दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असतात आणि आठवड्याने कुणाला काही आठवत नाही. ४० मिनिटं पुरतात. टेबलावर आकडे हवेत: प्रत्येक काउंटरवर किती आले, आचाऱ्याला किती पानं सांगितली होती आणि किती ताटं उठली, कुठलं सत्र किती मिनिटं लांबलं. चुका आकड्यांवरून बोलायच्या, नावावरून नाही. ज्याला ओरडायचं असेल त्याने नंतर बाजूला घेऊन ओरडावं. त्याच बैठकीत पैसे आणि पत्र. पत्रात ‘मेहनती व होतकरू’ असलं काही लिहू नका. ‘४०० प्रतिनिधींच्या नोंदणीची आखणी व अंमल, ५ काउंटर, ६ जणांची तुकडी, हिशेब सादर केला’ एवढं लिहा. खाली मालकाची सही आणि असा फोन नंबर, जो पुण्याहून कुणी लावला तर उचलला जाईल.