पुणे-हैदराबादचे मॉल: मराठवाड्यातून जाताना आधी रस्ता बघा, मग मॉल

ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर पुण्याला पोहोचायची जी वेळ छापलेली असते, तिच्या भरवशावर मॉलचा दिवस आखू नका. संभाजीनगर ते पुणे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. बुकिंग करणारा पाच तास सांगतो आणि शिरूर येईपर्यंत ते खरंही वाटतं. वाळूज, कायगाव टोका, नेवासा फाटा, घोडेगाव, नगर, सुपा, शिरूर हा सगळा टप्पा बिनबोभाट निघतो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दिवस वाया जातो तो शिक्रापूरच्या पुढं.

शिक्रापूर ते विमाननगर जेमतेम तीस किलोमीटर. रात्री उशिरा पाऊण तासात होतात. शनिवारी सकाळी दहानंतर दीड-दोन तास धरा, रविवारी संध्याकाळी परतताना त्याहून जास्त. रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांचे कंटेनर, खाणी-क्रशरचे डंपर, वाघोलीत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या गाड्या आणि आपल्याकडच्या एसट्या, सगळ्यांना हाच एक रस्ता. लोणीकंदला गाडी पहिल्यांदा रांगेत लागते. खरा खोळंबा वाघोलीत केसनंद फाट्याला होतो, कारण तिथं वळणारी वाहनं सरळ जाणाऱ्यांना अडवतात आणि कडेला सहाआसनी रिक्षा, भाजीच्या गाड्या, कामगारांना न्यायला थांबलेल्या बस उभ्या असतात. त्यातून सुटलं की खराडी बायपास. लेकरं सोबत असतील तर शिरूरलाच त्यांना खाऊपिऊ घाला आणि लघवीला उतरवून घ्या. वाघोलीच्या रांगेत गाडी कुठं थांबवताही येत नाही आणि उतरून चालताही येत नाही.

उपाय एकच आहे: सकाळी साडेआठच्या आत खराडी ओलांडायची. म्हणजे संभाजीनगरहून पहाटे साडेतीनच्या आत निघायचं. ते जमत नसेल तर दुपारी दोन-अडीचला वाघोलीत पोहोचायचं ठेवा. केसनंदवरून थेऊरमार्गे सोलापूर रस्त्याला लागायचा पर्याय स्वतःच्या गाडीला आहे, पण रस्ता अरुंद आहे आणि तो फक्त हडपसरकडे जायचं असेल तरच कामाचा. एक तारीख पक्की लक्षात ठेवा: १ जानेवारी. पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी लाखो लोक येतात. त्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळपासून शिक्रापूर ते वाघोली हा टप्पा इतर वाहनांना बंद ठेवून नगरकडून येणारी वाहतूक शिरूरहूनच न्हावरा, केडगाव चौफुलामार्गे सोलापूर रस्त्याला वळवतात. नव्या वर्षाच्या सुटीत मॉल बघायला निघालेली अनेक कुटुंबं दरवर्षी यात अडकतात.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. मॉल निवडताना त्याची कीर्ती बघू नका, तुमची गाडी शहरात कोणत्या बाजूनं शिरते ते बघा.

संभाजीनगर, जालना, बीडच्या लोकांनी फिनिक्स मार्केटसिटी करावी, दुसरं काही नाही. ती नगर रस्त्यालाच लागून आहे, पुण्यात शिरताना खराडीनंतर लगेच. एसटीच्या वाहकाला आधीच सांगून विमाननगरला उतरा. वाकडेवाडीपर्यंत गेलात तर तेवढंच अंतर उलटं यावं लागतं. शिवाजीनगरचा जुना स्टँड २०१९ च्या डिसेंबरअखेर वाकडेवाडीला हलला, हे गावाकडं अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, ते शिवाजीनगरला नातेवाइकांना बोलावून ठेवतात आणि तिसरीकडं उतरतात. पुणे स्टेशनला उतरलात तर मेट्रो धरा. रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी असा सरळ प्रवास, गाडी बदलावी लागत नाही. रामवाडीहून फिनिक्स साधारण किलोमीटरभर पुढं आहे. उन्हाळा नसेल तर चालत जा, कारण एवढ्या अंतराला रिक्षावाले मीटर टाकत नाहीत.

लातूर, धाराशिवची गाडी टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, उरुळी कांचन करत हडपसरला शिरते. त्यांना अमनोरा आणि सीझन्स हे मॉल मगरपट्ट्याजवळ जवळजवळ समोरासमोर सापडतात. सीझन्समध्ये सिनेपोलिसचं पंधरा पडद्यांचं चित्रपटगृह आहे, सिनेमा बघायचा असेल तर तिथंच बघा. अमनोरा पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत विभागलेला आहे. भेटायचं ठिकाण ठरवताना भाग आणि दुकानाचं नाव दोन्ही सांगा, नुसतं 'फूड कोर्टपाशी' म्हटलं की घरातले चार जण चार ठिकाणी. वाकडचा मिलेनियम मॉल २०२३ च्या सप्टेंबरात उघडला, मोठा आहे, नवा आहे, आणि मराठवाड्यातून एका दिवसात जाऊन येण्यासाठी अजिबात नको. नगर रस्त्यानं शिरून सगळं शहर आडवं कापायचं आणि शेवटी हिंजवडीच्या वाहतुकीत सापडायचं, हा हेलपाटा कुठल्याच दुकानासाठी परवडत नाही. पुण्यात मुक्काम असेल तरच.

नांदेड, हिंगोली, देगलूर, उदगीरकरांनी पुण्याचा विचारच सोडावा. हैदराबाद जवळ पडतं आणि मॉल बघायचा म्हणून जायचं तर हैदराबादच उजवं आहे, हे मी मनापासून सांगतो. नांदेडहून देगलूरमार्गे येणारा महामार्ग १६१ असो की जहीराबादमार्गे येणारा ६५, दोन्ही संगारेड्डीला एक होतात आणि पटनचेरू, मियापूर करत शहरात शिरतात. मियापूर हे मेट्रोच्या लाल मार्गाचं पहिलं स्थानक. तिथं ट्रॅव्हल्सवाल्याला थांबायला सांगा, आत लकडीका पूलपर्यंत बसून राहू नका. मियापूरच्या लगेच पुढचं स्थानक जेएनटीयू कॉलेज. तिथून हायटेक सिटीकडं जाणाऱ्या रस्त्यावर लुलू आणि नेक्सस हे दोन्ही मॉल आहेत. लुलू २०२३ मध्ये उघडला आणि रविवारी अजूनही आत पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी सकाळी गेलात तर त्याचं हायपरमार्केट निवांत बघण्यासारखं आहे, मासळी आणि भाजलेल्या पदार्थांचा विभाग तर खासच. बोलण्याची अडचण येत नाही, आपली हिंदी आणि त्यांची दखनी यांचं सहज जमतं.

आयकिया या फर्निचरच्या मोठ्या दुकानात जायचं असेल तर मेट्रोनं अमीरपेटला या, निळ्या मार्गाची गाडी धरा आणि शेवटच्या स्थानकाला, रायदुर्गला उतरा. भारतातलं आयकियाचं पहिलं दुकान हेच, ऑगस्ट २०१८ पासूनचं. इनॉर्बिट मॉलही त्याच परिसरात आहे, पण आयकिया केल्यावर तिथं जायला पायात जीव राहत नाही. शरत सिटी कॅपिटल मॉल कोंडापूरला आहे, एएमबी सिनेमाज तिथंच, पण मेट्रोच्या स्थानकापासून लांब आणि रिक्षा ठरवावीच लागते. स्वतःची गाडी असेल तर पटनचेरूजवळ मुत्तंगीला बाहेरच्या रिंग रोडवर चढा आणि गचीबावलीला उतरा. मियापूरची सगळी गर्दी टळते.

रात्रीच्या गाड्या दोन्ही शहरांत पहाटे पाच-सहाला सोडतात आणि मॉल उघडतात दहा-अकराला. हे पाच तास कुठं काढायचे ते घरूनच ठरवून निघा. मॉलच्या पायऱ्यांवर सुरक्षारक्षक बसू देत नाहीत. मोठ्या बॅगाही आत नेऊ देत नाहीत, आणि सामान ठेवायची सोय प्रत्येक मॉलला असतेच असं नाही. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवता येतं, पण दोन अटींवर: प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. एसटीनं आलेल्या माणसाकडं रेल्वेचं तिकीट नसतं, म्हणून एकाच दिवसाचा बेत असेल तर पाठीवरच्या एका सॅकमध्ये मावेल एवढंच न्या.

आता पैशांचं. दुकानांत फसवणूक फारशी होत नाही. खिसा रिकामा होतो तो लेकरांच्या गेम झोनमध्ये, आणि यावर मी जरा लांबण लावणार आहे कारण यात गावाकडून गेलेला माणूस हमखास सापडतो. आत पैसे चालत नाहीत, कार्ड घ्यावं लागतं. कार्डाचे पन्नास-शंभर रुपये वेगळे, ते परत मिळत नाहीत. मग काउंटरवरची मुलगी विचारते, 'पाचशेचं करू की हजाराचं? हजारावर पाचशे बोनस आहे.' खेळांचे दर मुद्दाम अडनिडे असतात. समजा एक खेळ १३० चा. पाचशेचं कार्ड तीन खेळांत ११० वर येऊन थांबतं. चौथा खेळ खेळायचा तर पुन्हा भरा, नाहीतर ११० सोडा. उरलेली रक्कम रोख परत करत नाहीत आणि नांदेडहून पुन्हा कधी येणार? बोनसचे पैसे तर ठरावीक यंत्रांवरच चालतात. म्हणून आधी पैसे न भरता एक फेरी मारा, लेकरांना कोणते दोन खेळ हवेत ते ठरवा, प्रत्येक यंत्रावर लिहिलेला दर मोबाइलवर बेरजेला लावा आणि बरोबर तेवढीच रक्कम भरून मागा. 'कमीत कमी पाचशे' असं म्हणाले तर तो हिशोब मान्य असेल तरच पुढं जा. दोन-तीन लेकरं असली तरी कार्ड एकच घ्या.

काही फूड कोर्टमध्येही असंच कार्ड असतं, पण तिथं उरलेले पैसे सहसा परत मिळतात. परतीचं काउंटर वेगळं असतं आणि गर्दीत ते सापडत नाही, कार्ड घेतानाच विचारून ठेवा. थेट यूपीआय घेणारी खिडकी असेल तर कार्डाच्या भानगडीत पडूच नका. पाण्याची बाटली ही दुसरी गोष्ट. एकाच बाटलीवर मॉलसाठी वेगळी आणि बाहेर वेगळी एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. म्हणून तिथं वेगळ्या नावाची महागडी बाटलीच ठेवतात, साधी ठेवतच नाहीत. त्याच मॉलच्या तळमजल्यावर हायपरमार्केट असेल तर साधी बाटली छापील किमतीत मिळते. सिनेमागृहात पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या जानेवारीत तसं सांगितलेलं आहे. ठामपणे मागा. बसून जेवायच्या हॉटेलात बिलावर सेवाशुल्क लावलं असेल तर काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये हेच उचलून धरलं.

कपड्यांच्या सेलमध्ये पाटी नीट वाचा. २,००० छापील किमतीवर ५० टक्के सूट म्हणजे १,००० व्हायला हवेत. काउंटरवर जीएसटी वर लावून १,०५० करतात आणि पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. छापील किंमत 'सर्व करांसह' असते, त्यामुळं सूट दिल्यावर कर वेगळा लावणं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेलं आहे. पिशवीचेही पैसे न सांगता लावतात. घरची कापडी पिशवी घडी करून न्या. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही असं सांगितलं तर ते खोटं आहे, नंबराची सक्ती करू नये अशी सूचना ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये दुकानदारांना दिली. ऐकत नसतील तर तिथूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन लावा, बहुतेक वेळा मॅनेजर लगेच येतो.

पार्किंगमध्ये दोन शहरांचा फरक मोठा. तेलंगणात २०१८ च्या सरकारी आदेशानुसार मॉलमध्ये पहिली ३० मिनिटं फुकट, तासाभरापर्यंत खरेदीची पावती दाखवली तर फुकट, आणि त्यापुढं पावतीची रक्कम पार्किंगपेक्षा जास्त असेल तरीही फुकट. फाटकावरचा माणूस स्वतःहून सांगत नाही, पावत्या वरच्या खिशात ठेवा. पुण्यात मुकाट पैसे भरावे लागतात. तळघरात गाडी लावली की खांबाचा नंबर आणि मजल्याचा रंग, दोन्हींचा फोटो काढा.

काय घ्यावं? जे ब्रँड चिकलठाण्याच्या प्रोझोनमध्ये आहेत ते पुण्यात घेऊ नका. माल तोच, किंमत तीच. प्रोझोन २०१० पासून आपल्याकडं आहे, जाण्याआधी तिथं एक फेरी मारून यादीतून ती नावं खोडा. पैठणी मॉलमध्ये चुकूनही घेऊ नका, ती पैठण-येवल्याला मागावर बघून घ्यायची वस्तू आहे. पुण्याला जावं ते आपल्याकडं नसलेल्या दोन-चार दुकानांसाठी आणि सिनेमासाठी. हैदराबादला जावं ते आयकियासाठी.

आयकियात जाण्याआधी घरी टेप लावून मापं घ्या: भिंत, दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण. आवडलेल्या फर्निचरच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, रांगेचा आणि खणाचा. त्यांचा फोटो काढा, कारण वस्तू वर उचलून मिळत नाही, खाली गोदामात त्याच आकड्यांवरून आपणच ढकलगाडीवर काढायची असते. मोठं कपाट दोन-तीन खोक्यांत येतं, सगळी खोकी निघाली का ते चिठ्ठीवर ताडून बघा, नाहीतर नांदेडला पोहोचल्यावर दारं आहेत आणि सांगाडा नाही असं होतं. खोक्याची लांबी मोजून ट्रॅव्हल्सवाल्याला तिकीट काढतानाच फोनवर सांगा. दोन मीटरचं खोकं डिकीत आडवं बसत नाही, टपावर टाकलं आणि पाऊस लागला तर आतला दाबलेल्या भुशाचा बोर्ड फुगतो. सामानाचं भाडं आधी ठरवून तिकिटाच्या मागं लिहून घ्या, मियापूरला गाडी उभी असताना ते दुप्पट होतं.