परिच्छेदाचा पत्ता

गेली काही वर्षे मी एका लहान गटाबरोबर संशोधनग्रंथांच्या डिजिटल प्रकाशनासाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असा, प्लॅटफॉर्म तयार करण्याचे काम करत आहे. त्याच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीत एका लेखिकेने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात एक नवा परिच्छेद घातला आणि त्यापुढील सर्व परिच्छेदांवर वाचकांनी लिहिलेली टिपणे एकेक परिच्छेद मागे सरकली. सत्तेचाळिसाव्या परिच्छेदातील निष्कर्षावर एका अभ्यासकाने सविस्तर आक्षेप नोंदवला होता. तो आता पूर्वीच्या सेहेचाळिसाव्या परिच्छेदाशेजारी, म्हणजे जे विधान त्याला पूर्ण मान्य होते त्याच्याशेजारी, दिसू लागला. या वाक्यावर आक्षेप कसा काय घेतला गेला, असे लेखिकेने आम्हांला विचारले. दोष आमचा होता. परिच्छेदांना आम्ही केवळ अनुक्रमांक दिले होते आणि टिपणे त्या क्रमांकांना बांधली होती. तेव्हापासून माझ्या लेखी या प्लॅटफॉर्मचे पहिले काम ठरून गेले आहे: ज्या मजकुराचा कोणी हवाला दिला, तो मजकूर पुढे कधीही, जसा होता तसा, त्याच पत्त्यावर सापडला पाहिजे.

छापील पुस्तकात हे काम पृष्ठक्रमांक करत असे. प्लेटोच्या संवादांचा निर्देश आजही १५७८ सालच्या स्टेफानुस आवृत्तीतील पृष्ठांनुसार केला जातो, मग वाचकाच्या हातातले भाषांतर कोणतेही असो. ज्ञानेश्वरीतील ओवीचा निर्देश अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकांनी होतो. परंतु निरनिराळ्या प्रतींमध्ये ओव्यांची संख्या सारखी नसल्यामुळे काटेकोर अभ्यासक कोणती प्रत वापरली हेही सांगतो. म्हणजे जागा आणि आवृत्ती हे दोन्ही कळल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. पडद्यावरच्या मजकुराला पृष्ठ नसते, कारण तो फोनवर एका मापात आणि संगणकावर दुसऱ्या मापात वाहतो, आणि आवृत्तीही कोणाला न कळता बदलू शकते. डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक या अडचणीवर अर्धाच उपाय आहे. तो बहुधा संपूर्ण लेखाला, ग्रंथाला किंवा प्रकरणाला दिला जातो, आणि तो वाचकाला प्रकाशकाने नोंदवलेल्या दुव्याकडे वळवतो एवढेच. प्रकाशकाने जागा बदलल्यावर नोंद सुधारली नाही, तर कायमस्वरूपी म्हणवणारा क्रमांकही रिकाम्या पानावर नेऊन सोडतो.

अनुक्रमांकांचा मार्ग फसल्यानंतर आम्ही प्रत्येक परिच्छेदाच्या मजकुरावरून हॅश, म्हणजे त्या मजकुरातूनच गणिताने निघणारी एक छोटी खूण, काढून तोच त्याचा ओळखक्रमांक मानला. परिच्छेद कितीही मागेपुढे हलवले तरी टिपणे जागेवर राहिली, म्हणून आम्ही समाधानी होतो. पण मुद्रितशोधकाने एका शब्दाचा ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि त्या परिच्छेदाचा हॅश बदलून त्यावरची सर्व टिपणे निराधार झाली. आता प्रत्येक परिच्छेदाला पहिल्या आयातीच्या वेळी एक अर्थहीन, कायमचा आयडी मिळतो आणि तो डेटाबेसबरोबरच मूळ एक्सएमएल फाइलमध्येही (म्हणजे मजकुराची रचना खुणांनी नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) लिहिला जातो. नवी आवृत्ती चढवली की सॉफ्टवेअर जुन्या आणि नव्या परिच्छेदांच्या जोड्या सुचवते आणि संपादक त्या मान्य करतो किंवा फिरवतो. हे सर्व स्वयंचलित करावे असा गटातील काहींचा आग्रह होता. मी त्याला विरोध केला, आणि आजही माझे मत तेच आहे: एका परिच्छेदाचे दोन केले, तर मूळ युक्तिवाद त्यांपैकी कोणत्या भागात राहिला, याचा निर्णय मजकूर समजणाऱ्या माणसानेच घ्यायला हवा.

परिच्छेदाच्या आतील नेमक्या शब्दांसाठी आम्ही वेबची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१७ मध्ये मान्य केलेले वेब-टिपणांचे मानक वापरतो. त्यात निवडलेले शब्द आणि त्यांच्या अलीकडचा-पलीकडचा थोडा मजकूर एकत्र साठवण्याची सोय आहे, त्यामुळे वाक्य थोडे सरकले तरी ते शोधून काढता येते. येथे देवनागरीने आम्हांला बरेच शिकवले. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागून झिरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात, आणि युनिकोड या अक्षरसंकेताचे ठरीव नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, तीही त्यांना एक करत नाही. लेखकाने एका कीबोर्डवर आणि संपादकाने दुसऱ्या कीबोर्डवर टंकलेखन केले की टिपण आपले वाक्य हरवून बसते, आणि शोधपेटीत शब्द टाकणाऱ्या वाचकाला तो ग्रंथात नाहीच असे सांगितले जाते. आम्ही लेखकाच्या मजकुराला हात न लावता त्याचे तुलनेपुरते वेगळे रूप तयार करतो आणि शोध व जुळणी त्या रूपावर करतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कामाला आमचे कित्येक आठवडे गेले, आणि ते सार्थकी लागले असे मी मानतो.

हस्तलिखिते वर्डच्या फाइलींमधून येतात, आणि त्यांत रचना कमी, सजावट अधिक असते. शीर्षकासाठी शीर्षकाची शैली न वापरता केवळ ठळक अक्षरे केलेली असतात. तळटिपेचा क्रमांक हाताने टाइप करून वर उचललेला असतो आणि टीप प्रकरणाच्या शेवटी साध्या परिच्छेदात लिहिलेली असते. पॅनडॉक हे उत्तम मुक्त साधन अशा फाइलीचे रूपांतर प्रामाणिकपणे करते, परंतु जी रचना लेखकाने दिलीच नाही ती त्याला कोठून सापडणार? म्हणून आयातीनंतर आम्ही संपादकाला एक तपासयादी दाखवतो, ज्यात टीप नसलेले क्रमांक आणि क्रमांक नसलेल्या टिपा समोरासमोर मांडलेल्या असतात.

सर्व काही नव्याने लिहिण्याचा मोह आम्ही टाळला. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली २००१ पासून उपलब्ध आहे, आणि लेख स्वीकारणे, परीक्षकांकडे पाठवणे, संपादन करणे, अंक काढणे ही साखळी तिने आमच्याहून कितीतरी चांगली सांभाळली आहे. ग्रंथवाचन आणि टिपणांच्या बाबतीत मॅनिफोल्ड या ग्रंथप्रकाशनाच्या ओपन सोर्स प्लॅटफॉर्मकडून आम्ही पुष्कळ शिकलो. आमचे काम वाचन, आवृत्त्या आणि पत्ते यांपुरतेच आहे, आणि ते तसेच राहावे असे मला वाटते.

कोड खुला आहे म्हणून ग्रंथ सुरक्षित आहे, हे मात्र खरे नाही. २०१७ मध्ये एल्सविअर या बड्या संशोधन-प्रकाशकाने बीप्रेस ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिच्या सेवेवर आपले संशोधनसंग्रह चालवणाऱ्या ग्रंथालयांना रातोरात नव्या मालकाशी व्यवहार करावा लागला. मुक्त परवान्यामुळे सॉफ्टवेअर असे कोणाच्या हाती एकवटत नाही. पण मजकूर जर आमच्याच डेटाबेसच्या खास रचनेत अडकला असेल, तर परवाना कितीही उदार असला तरी प्रकाशकाला बाहेर पडता येत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या चाचणीत एक ग्रंथ बिट्स या एक्सएमएल रचनेत (संशोधनलेखांसाठीच्या जॅट्स या मानकाचे हे ग्रंथांसाठीचे रूप) निर्यात होतो, रिकाम्या सर्व्हरवर पुन्हा आयात होतो, आणि दोन्हींकडचे परिच्छेदांचे आयडी एकेक करून ताडून पाहिले जातात. एकही चुकला तर ती आवृत्ती प्रसिद्ध होत नाही. ही अट मी सर्वांत आधी घालायला हवी होती. ती दुसऱ्या वर्षी घातली, आणि तोवर साठलेला मजकूर सुधारण्यात एक सबंध हंगाम गेला.

देखभालीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अनुदान देणाऱ्यांना नवी सुविधा दाखवता येते, पण जुन्या सॉफ्टवेअर-लायब्ररीची (प्लॅटफॉर्म ज्यावर उभा आहे त्या तयार कोडची) सुरक्षा-दुरुस्ती दाखवता येत नाही. सध्या काही प्रकाशकांना सर्व्हर चालवून देण्याच्या शुल्कातून हे काम कसेबसे भागते.

त्या लेखिकेने दुसऱ्या आवृत्तीत सत्तेचाळिसावा परिच्छेद पूर्णपणे काढून टाकला, कारण तो आक्षेप तिला पटला होता. आता त्या टिपणाला नव्या मजकुरात जागा उरली नव्हती. ते पुसून टाकावे, की समासात लोंबकळत ठेवावे, यावर आमची पुष्कळ चर्चा झाली. शेवटी आम्ही नव्या आवृत्तीत त्या जागी ‘येथील मजकूर वगळला आहे’ अशी एक बारीक खूण ठेवली. ती दाबली की पहिली आवृत्ती उघडते, मूळ परिच्छेद दिसतो आणि त्याच्याशेजारी, योग्य वाक्यासमोर, तो आक्षेप दिसतो. त्याखाली लेखिकेने दोन ओळींत आपली मान्यता लिहिली आहे, आणि त्या ओळींनाही आता स्वतःचा पत्ता आहे.