तुम्ही विचारलंत म्हणून: किटमधलं हेलिकॉप्टर घरी जोडता येतं का?

एकाच माणसाला बसता येईल असं हेलिकॉप्टर किट आणून घरी बांधता येतं का, हा नेहमीचा प्रश्न. येतं. पाती, गिअरबॉक्स, इंजिन बहुतेक तयारच मिळतात. उरतं ते जोडकाम, आणि पाना हातात बसलेल्या माणसाला ते काही शे तासांत उरकतं. अडतं त्यानंतर. सगळे बोल्ट बसलेत, इंजिन सुरू झालंय, आणि यंत्र मात्र हिवताप भरल्यासारखं थरथरतंय.

हिशेब बघा. पातं 3 मीटर लांब, मिनिटाला 500 फेरे. एका पात्याच्या टोकाला फक्त 10 ग्रॅम जास्त असले, तरी मास्टला, म्हणजे पाती ज्यावर फिरतात त्या उभ्या दांड्याला, सुमारे साडेआठ किलोचा ओढा बसतो, आणि तो सेकंदाला आठ वेळा गोल फिरतो. रंगाचा एक जाड थर एवढं करू शकतो.

म्हणून क्रम पाळायचा. पाती बसवण्याआधी तोलून घ्यायची. मग ट्रॅक, म्हणजे दोन्ही टोकं एकाच पातळीत फिरतात का ते. चालू रोटरचा तोल त्यानंतर. ट्रॅक बदलला की तोलाची मापंही बदलतात, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर तेच काम पुन्हा करावं लागतं. सीट खालीवर उडत असेल तर दोष ट्रॅकचा. डावी-उजवीकडे झुलत असेल तर तोलाचा. पेडलवर बारीक झिणझिण्या येत असतील तर मुख्य रोटर सोडा, आधी शेपटीचा रोटर आणि इंजिन तपासा.

ट्रॅक पिच लिंकने, म्हणजे पात्याचा कोन बदलणाऱ्या छोट्या दांडीने, जुळवतात. एका वेळी एकच लिंक, अर्धाच फेरा, आणि लगेच वहीत नोंद. रॉड-एंडचे, म्हणजे दांडीच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचे, आटे तपासणीच्या भोकापलीकडे गेलेले असलेच पाहिजेत. भोकातून तार आरपार जात असेल तर आटे कमी धरलेत. जागच्या जागी तरंगताना ट्रॅक बरोबर आणि वेगात बिघडतो, तर मग ट्रिम टॅब, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेची वाकवता येणारी छोटी पट्टी. तोलासाठी हलक्या पात्याला वजन लावतात. इथे बरेच जण वजनंच घालत बसतात. पातं किंचित पुढे-मागे सरकून बसलेलं असू शकतं, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

बोल्टांचं थोडक्यात. जिथे सांधा फिरतो तिथे नायलॉनचा लॉकनट नको. खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. लॉकनट बोटांनी फिरायला लागला की फेकून द्या. टॉर्क रेंचने आवळल्यावर नट-बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

टू-स्ट्रोक इंजिन गार असताना पूर्ण ताकद मागितली, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगतो आणि अडकतो. तेलाचं प्रमाण 50:1 सांगितलं असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिली, अंदाजपंचे नाही. इंजिन बंद पडलं की फ्रीव्हील क्लचमुळे रोटर मोकळा फिरत राहतो खरा, पण हलकी पाती वेग लवकर गमावतात. कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, तत्काळ खाली हवा. ही सवय दोन आसनी हेलिकॉप्टरवर, शिक्षकासोबत लावून घ्यायची. इथे शिक्षकाला जागाच नाही.

अमेरिकेतल्या पार्ट 103 नियमात, म्हणजे अतिहलक्या विमानांच्या नियमात, बसायला रिकामं वजन 254 पौंडांच्या, म्हणजे 115 किलोंच्या आत आणि इंधन 19 लिटरपर्यंतच लागतं. त्यामुळे सोयीसाठी लावलेला जाड ब्रॅकेटही अशा यंत्राला जड जातो.

आणि हो, ‘पहिल्यांदा दोरीने बांधून थोडं उचलून बघू का?’ नको. एक स्किड, म्हणजे खालची टेकायची दांडी, दोरीत अडकली की यंत्र तिच्याभोवती कलंडायला लागतं, आणि कल वाढत गेला की स्टिक उलट दाबूनही सावरत नाही. कलेक्टिव्ह खाली करणं हाच उपाय, तोही कल थोडा असतानाच. सपाट, मोकळी जमीन शोधा.